पिकअपची बॅटरी मागे हलवल्यावर सेल्फ उचलत नाही: दोष नेमका कुठे शोधायचा

ही तक्रार वर्षातून अनेकदा येते आणि दरवेळी जवळपास सारखीच असते. जुन्या पिकअपच्या बॉनेटखालची बॅटरी काढून मागे हौद्याखाली चासीला बसवलेली असते. सुरुवातीचे काही महिने काहीच त्रास नसतो. मग एखाद्या पहाटे चावी फिरवली की नुसतं ‘कट-कट-कट’. धक्का मारला की गाडी लगेच सुरू होते. दुपारी मार्केट यार्डात माल उतरवून निघायला गेलं की पुन्हा तेच. बॅटरीवाला लोड टेस्टर लावून सांगतो, बॅटरी ओके आहे. सेल्फ सोडवून रिपेअरवाल्याकडे नेला तर तो टेबलावर फिरवून दाखवतो, सेल्फही ओके. शेवटी मालक कंटाळून नवी बॅटरी टाकतो, गाडी फर्स्ट क्लास सुरू होते, आणि पुढचा पावसाळा आला की गाडं मूळपदावर.

बॅटरीवाला आणि सेल्फवाला, दोघंही खरंच सांगत असतात. बॅटरीवाल्याच्या टेस्टरचे चिमटे थेट बॅटरीच्या खांबांवर बसतात. सेल्फवाल्याच्या टेबलावर दोन हात लांबीची जाडजूड केबल असते. दोघांनीही तपासली नाही ती मधली वाट. बॅटरी मागे नेताना बदलली ती तीच वाट, त्यामुळे दोष तिथेच असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. नवी बॅटरी टाकल्यावर गाडी सुरू होते कारण नव्या बॅटरीत दम असतो. वाटेत दोन-अडीच व्होल्ट वाया गेले तरी उरलेल्यावर ती सेल्फ फिरवते. वर्षभरात बॅटरी थोडी जुनी झाली, जोडावर थोडा गंज चढला, की झाकलेला दोष उघडा पडतो.

म्हणून पहिली विनंती: मल्टिमीटर लावल्याशिवाय नवी बॅटरी घेऊ नका, सेल्फही सोडवू नका.

बॅटरी मागे नेणं चुकीचं आहे का?

नाही. टाटा ४०७ सारख्या ट्रकांना बॅटरी मुळातच चासीच्या बाजूला असते आणि ती वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते. फरक इतकाच की तिथे कंपनीने त्या अंतराचा हिशोब करून केबल आणि अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-चासीशी जोडणी) दिलेलं असतं. बोलेरो पिकअपसारख्या बॉनेटवाल्या गाडीत बॅटरी इंजिनाशेजारी असते, त्यामुळे मूळ केबल आखूड असते आणि अर्थिंगही त्याच बेताने केलेलं असतं.

लोक बॅटरी हलवतात त्याला कारणंही तशीच असतात. एसीचं किट बसवलं आणि जागा उरली नाही, दुसरं इंजिन चढवलं, मागे हायड्रॉलिक टेल लिफ्टची मोटर आली, किंवा उकळत्या इंजिनाशेजारी बॅटरी टिकत नाही म्हणून. हे शेवटचं कारण तर अगदी रास्त आहे. बॅटरीचं तापमान सतत दहा अंशांनी जास्त राहिलं की तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा लेड-ॲसिड बॅटऱ्यांचा ठोकताळा आहे. विदर्भात मे महिन्यात बाहेरच पंचेचाळीस अंश असतात, तेव्हा बॉनेटखाली काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. गणपतीच्या दिवसांत डीजे बांधण्यासाठी मागे चार बॅटऱ्या चढवणाऱ्यांचं मात्र प्रकरणच निराळं, त्यांच्या वायरिंगबद्दल न बोललेलंच बरं.

करंट जातो कुठून आणि परत येतो कुठून

अडीच लिटरच्या जुन्या डिझेल इंजिनाचा सेल्फ फिरताना साधारण दोनशे ते तीनशे अँपिअर ओढतो, आणि सुरुवातीच्या झटक्याला त्याहून बराच जास्त. एवढ्या करंटला एक सहस्रांश ओहमचा अडथळासुद्धा पाव व्होल्ट खातो. हेडलाइटला तो अडथळा जाणवतच नाही. म्हणून ‘लाइट तर फुल लागतात, मग बॅटरीचा प्रश्न कसा?’ असं विचारलं जातं. लाइट लागले म्हणजे वाट दहा अँपिअरपुरती चांगली आहे, इतकंच कळलं.

मागून पुढे केबलची लांबी चार मीटर धरा, गाडी लांब असेल तर आणखी जास्त. शुद्ध तांब्याच्या केबलमध्ये २५० अँपिअरला होणारी घट अशी येते: १६ स्क्वेअर एमएमला (हे माप आतल्या तांब्याच्या छेदाचं) १.१ व्होल्ट, २५ ला ०.७, ३५ ला ०.५, ५० ला ०.३५ आणि ७० ला ०.२५. हे आकडे थंड केबलचे. इंजिनाजवळ केबल तापली की त्यात पंधरा-वीस टक्के आणखी धरा. मूळ आखूड केबल ज्या जाडीची होती त्याच जाडीची लांब केबल टाकली तर घट लांबीच्या पटीत वाढणार, यात दुमत नाही. जुन्या डिझेल पिकअपला मागच्या बॅटरीसाठी मी ५० च्या खाली जात नाही.

हे झालं जाण्याचं. येण्याची वाट कुणी बघतच नाही. निगेटिव्ह म्हणजे ‘कुठेही बॉडीला टाकलं की झालं’ ही समजूत इतकी पक्की आहे की प्लसला जाड केबल टाकणारा माणूससुद्धा निगेटिव्हला हातभर वायर लावून जवळच्या बोल्टला आवळतो.

आता गाडीची रचना बघा. सेल्फ इंजिनाला किंवा बेल हाउसिंगला (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या कवचाला) बसलेला. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर, म्हणजे चासीपासून विजेच्या दृष्टीने वेगळे. केबिनही रबरावर. हौदा आणि चासी यांच्यामध्ये बऱ्याचदा लाकडी किंवा रबरी पट्टी. चार वेगवेगळी बेटं आहेत ही, आणि त्यांना जोडणारे पूल म्हणजे मोजक्या पट्ट्या आणि वायरी. बॅटरी पुढे होती तेव्हा तिची जाड निगेटिव्ह केबल सरळ इंजिनाला जात होती. इंजिन ते चासी ही विणीची पट्टी फक्त लाइट, हॉर्न असल्या किरकोळ कामासाठी होती. बॅटरी चासीला अर्थ केली त्या दिवसापासून सेल्फचा सगळा करंट त्या पातळ, तेलकट, पंधरा-वीस वर्षांच्या पट्टीतून जायला लागला.

पट्टी पुरी पडली नाही की करंट दुसरी वाट शोधतो: ॲक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, गिअरचा दांडा. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागत असेल, किंवा तिचं प्लॅस्टिक आवरण वितळलेलं दिसत असेल, तर मीटर काढायच्या आधीच निदान झालं म्हणून समजा. ‘ॲक्सिलरेटर केबल वरचेवर अडकते’ म्हणून ती बदलून घेणारे लोक आहेत, पण तिचा आणि सेल्फचा काही संबंध असेल असं त्यांच्या ध्यानीमनीही नसतं.

चासीचा लोखंडी चॅनल मात्र बिचारा निर्दोष असतो. लोखंडात तांब्याच्या आठ-दहापट अडथळा असतो हे खरं. पण पिकअपच्या एका चॅनलचा छेद नऊशे स्क्वेअर एमएमच्या आसपास भरतो, म्हणजे जवळपास शंभर स्क्वेअर एमएम तांब्याइतका. आणि असे दोन चॅनल आहेत. चासीतून करंट नेण्यात काही गैर नाही. घात होतो तो चासीवर चढताना आणि चासीवरून उतरताना.

मोजायचं कसं

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. वीस व्होल्ट डीसी रेंजला लावा. मागच्या बॅटरीपासून पुढच्या सेल्फपर्यंत त्याच्या वायरी पोचणार नाहीत, म्हणून पाच मीटरची कुठलीही बारीक वायर घेऊन एक काटा लांबवा. मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे बारीक वायरीने मापात फरक पडत नाही. क्लॅम्प मीटर असेल तर उत्तम, पण तो डीसी मोजणारा हवा. घरच्या वायरमनकडे असतो तो बहुधा फक्त एसीचा असतो आणि इथे तो शून्यच दाखवेल.

हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा. इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टॉपची केबल ओढून धरा किंवा पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढा. आता मदतनीस चावी फिरवेल आणि तुम्ही वाचाल. एकावेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही, मध्ये थोडी उसंत द्यायची.

आधी बॅटरी. गाडी काही तास उभी असल्यावर, किंवा दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद केल्यावर, खांबांवर १२.६ च्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. अर्ध्या बॅटरीवर पुढच्या चाचण्या करू नका, आधी चार्जिंगला लावा. मग सेल्फ मारताना खांबांवर किती राहतं ते बघा. ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी खरंच बसलेली आहे किंवा सेल्फ जाम आहे. दहा-अकरावर टिकलं आणि तरी सेल्फ रखडतोय, तर चोर वाटेत आहे.

वाटेतली घट सेल्फ फिरत असतानाच मोजायची. करंट वाहत नसेल तर घट शून्यच दिसणार. लाल काटा बॅटरीच्या प्लस खांबावर ठेवा. खांबावर म्हणजे शिशावर, टर्मिनलच्या क्लिपवर नाही. काळा काटा सेल्फच्या जाड बोल्टवर. चावी फिरवली की दिसेल तो आकडा म्हणजे प्लसच्या वाटेत वाया गेलेले व्होल्ट. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर चालेल. मग निगेटिव्ह: एक काटा निगेटिव्ह खांबावर, दुसरा सेल्फच्या बॉडीवर, रंग खरवडून. इथे ०.३ च्या आत हवं.

अशाच एका गाडीचे आकडे देतो, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. द्राक्षाची पिकअप होती, निफाडकडची. पहाटे मळ्यात माल भरून निघायच्या वेळी हमखास अडायची. मालक म्हणाला, “दादा, ही वर्षातली दुसरी बॅटरी. आता गाडीच विकून टाकतो.” उभ्या गाडीत १२.५५ व्होल्ट. सेल्फ मारताना बॅटरीच्या खांबांवर ११.१, आणि त्याच वेळी सेल्फवर फक्त ८.३. म्हणजे २.८ व्होल्ट रस्त्यातच सांडत होते. प्लसच्या बाजूला ०.७ सापडले, निगेटिव्हला २.१.

निगेटिव्हचे मग तुकडे पाडले. बॅटरीच्या खांबापासून बॅटरीजवळच्या चासीपर्यंत ०.३. मागच्या चासीपासून पुढच्या चासीपर्यंत ०.०५. पुढच्या चासीपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत १.७. ब्लॉकपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत ०.०५. मग वेगळं काही शोधायचं राहिलंच नाही. इंजिन-चासीची पट्टी खालून बघितली तर वरकरणी अखंड दिसत होती, पण बोटाने वाकवल्यावर वीण कुरकुरली आणि आतून हिरवट भुकटी गळाली. निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या होत्या. एका टोकाचा लग (बोल्टसाठी भोक असलेला धातूचा तुकडा) तर चासीच्या रंगावरच आवळलेला. त्याच्याखालून बोल्टच्या आट्यांमधून जेवढा जाईल तेवढा करंट जात होता.

प्लसच्या ०.७ पैकी जवळजवळ ०.४ एकाच जागी होते. बॅटरी मागे नेताना जुनी केबल तशीच ठेवून तिच्या टोकाला नवा तुकडा नट-बोल्टने जोडला होता, वर टेप गुंडाळून पाइपात सरकवला होता. टेप सोडल्यावर आत पाणी आणि काळी पडलेली पितळी चकती. असे छुपे जोड फार सापडतात. केबल बॅटरीपासून सेल्फपर्यंत अखंड हवी. जुनी केबल वाचवण्यात काही फायदा नाही.

दुरुस्ती: आधी अर्थिंग

स्वस्त आणि सगळ्यात जास्त गुण देणारं काम हेच. पाना हातात घेण्याआधी अंगठी, कडं काढून ठेवा. टर्मिनल सोडताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी. प्लस सोडताना पाना चासीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेलं असेल तर पाना जागीच वेल्ड होतो.

इंजिन ते चासी नवी केबल टाका, प्लसच्याच जाडीची. सेल्फच्या जवळचा, शक्यतो त्याच्याच माउंटिंगचा किंवा बेल हाउसिंगचा बोल्ट निवडा. केबलला थोडी ढील ठेवा, कारण इंजिन हलतं. ताणून बसवली तर वर्षभरात लगाच्या मानेला तुटेल. चासीच्या बाजूला रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी जागा पॉलिश पेपरने किंवा ग्राइंडरच्या वायर ब्रशने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. लग आणि चासी यांच्यामध्ये काहीही नको, वॉशरसुद्धा नाही. लग थेट लोखंडाला टेकला पाहिजे, दातेरी वॉशर नटाच्या बाजूला. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस, आणि त्यावर रंग. क्रम उलटा करू नका: आधी रंग आणि मग लग बसवणारेच पुढच्या पावसाळ्यात परत येतात.

बॅटरीकडच्या टोकालाही हेच. आणि अर्थ चासीच्या मेन चॅनलला द्या. हौद्याला, हौद्याच्या यू-बोल्टला किंवा मडगार्डच्या पत्र्याला नाही.

कोकणात किंवा मीठ-मासळीच्या कामावर गाडी असेल तर चासीवर भरवसा ठेवू नका. बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनापर्यंत दुसरी जाड केबल प्लसच्या सोबतीने ओढा आणि चासीला वेगळी जोडणी ठेवा. पैसे जातात, पण गंजाचा प्रश्नच मिटतो. केबिनची पट्टीही याच वेळी बघून घ्या. ती खराब असेल तर इंडिकेटर लावल्यावर डिझेलचा काटा नाचतो, वायपर मंद पडतो, आणि लोक मीटर कन्सोल बदलत बसतात.

प्लसची केबल

केबल घेताना दोन गोष्टींवर फसवणूक होते. एक म्हणजे ॲल्युमिनियम. वेल्डिंगची केबल तांब्यात मिळते तशी ॲल्युमिनियममध्येही मिळते, आणि वरून तांब्याचा मुलामा असलेली ॲल्युमिनियमची केबल तर लालच दिसते. एक तार काढून ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर परत करा. तितक्याच जाडीला ॲल्युमिनियमचा अडथळा तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो आणि लगापाशी ती सैल पडत जाते. दुसरं म्हणजे जाड रबर आणि आत कमी तारा. बाहेरून अंगठ्याएवढी केबल आतून पंचवीसचीच निघते. कापलेलं टोक बघितल्याशिवाय केबल विकत घेऊ नका.

लग हातोड्याने चेपून वर डाख देण्याची जुनी पद्धत मला पटत नाही. डाख केबलमध्ये आत चढतो, तिथे केबल कडक होते आणि हादऱ्याने नेमकी तिथेच तुटते. शिवाय मोठा करंट जाऊन लग तापला तर डाख मऊ पडतो. कुठल्याही इलेक्ट्रिकल पॅनेलवाल्याकडे हायड्रॉलिक क्रिंपिंगचा पाना असतो. केबल आणि कल्हई केलेले तांब्याचे लग घेऊन जा, दोन्ही टोकं पाच मिनिटांत दाबून मिळतात. वरून आत गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

चासीवरून नेताना केबल पूर्ण लांबीभर जाड कॉरुगेटेड पाइपात घाला आणि हातभर अंतरावर रबर लावलेल्या क्लिपने चासीच्या आतल्या बाजूला पकडा. ब्रेकच्या पाइपला किंवा डिझेलच्या नळीला टाय मारून केबल लटकवलेली दिसली की माझं डोकंच फिरतं. चासीच्या भोकातून जिथे जिथे केबल जाते तिथे रबरी ग्रोमेट. सायलेन्सरपासून निदान वीतभर लांब. ही केबल कुठेही घासून चासीला टेकली तर बॅटरी हजार अँपिअरच्या वर करंट ओतू शकते. तेवढ्यात केबलचं रबर पेट घेतं, आणि शेजारी डिझेलची नळी असते.

यावर फ्यूजचा विषय निघतोच. बॉनेटखालच्या आखूड केबलला कंपन्या बऱ्याचदा फ्यूज देत नाहीत म्हणून मागच्या लांब केबललाही नको, असं काही मेकॅनिक म्हणतात. मला ते मान्य नाही. बॅटरीपासून वीतभर अंतरात मेगा प्रकारचा ३०० ते ४०० अँपिअरचा फ्यूज बसवा. हा फ्यूज सावकाश उडणारा असल्याने सेल्फचा सुरुवातीचा झटका सोसतो आणि खऱ्या शॉर्टला उडतो. म्युझिक, फॉग लाइट, जीपीएस, टेल लिफ्ट यांच्या वायरी बॅटरीवरून घेतल्या असतील तर प्रत्येकीला तिच्या जाडीप्रमाणे वेगळा फ्यूज हवाच. गाडीला आग लागली तर विम्याचा सर्व्हेअर सगळ्यात आधी अशाच वाढीव वायरी बघतो.

बॅटरी तोडणारा लाल चावीचा कटऑफ स्विच बसवला असेल तर त्याच्या दोन बोल्टांमधली घटही मोजून घ्या. स्वस्तातल्या स्विचचे आतले संपर्क सेल्फच्या करंटला टिकत नाहीत, एकटा स्विच अर्धा व्होल्ट खातो. आणि इंजिन चालू असताना तो कधीच बंद करू नका, अल्टरनेटरचे (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे) डायोड जातात.

निफाडच्या त्या पिकअपला ५० ची अखंड केबल, दोन नव्या अर्थ केबली आणि घासलेले जोड एवढंच केलं. बॅटरी तीच, सेल्फ तोच. सेल्फ मारताना खांबांवर ११.० आणि सेल्फवर १०.३५ आले. वाटेतली घट २.८ वरून ०.६५.

सेल्फ सुधारला, तरी बॅटरी आठवड्याने बसते

मग चार्जिंग बघा. जुन्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर आपल्याच टर्मिनलवरचे व्होल्ट बघून चार्जिंग ठरवतो. मागे चार मीटरवर बॅटरीला किती पोचलं याची त्याला खबर नसते. हेडलाइट आणि ब्लोअर लावून इंजिन दोन हजार आरपीएमला धरा. अल्टरनेटरवर १४.२ आणि बॅटरीच्या खांबांवर १३.५ असेल तर बॅटरी कधीच पूर्ण भरणार नाही. सतत अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ती वर्षभरात निकामी होते. दोन्हींमधला फरक ०.३ च्या आत हवा. बहुतेक वेळा अल्टरनेटरपासून निघणारी मूळची बारीक वायर किंवा तोच अर्थ कारण असतो, त्यामुळे आधी वरची दुरुस्ती करा आणि मग मोजा.

चार्जिंग ठीक असूनही बसत असेल तर उभ्या गाडीतली गळती. चावी काढून, दारं बंद करून निगेटिव्ह टर्मिनल आणि खांब यांच्यामध्ये मीटर दहा अँपिअर रेंजला लावा. ५० मिलिअँपिअरच्या आत ठीक. अर्धा अँपिअर असेल तर दिवसाला बारा अँपिअर-अवर गेले, म्हणजे आठवडाभर उभी राहिली की बॅटरी रिकामी. मीटर असा लावलेला असताना चुकूनही चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

जागा आणि पेटी

बॅटरीचा ट्रे चासीच्या उभ्या पट्टीला, शक्यतो आधीपासून असलेल्या भोकांत बसवा. चॅनलच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्टीला भोक पाडू नका आणि तिथे वेल्डिंगही करू नका. भाराचा सगळा ताण त्याच पट्ट्यांवर येतो, आणि खचाखच भरलेल्या पिकअपची चासी नेमकी अशाच भोकापासून तडकते. बाकी कुठेही वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची दोन्ही टर्मिनलं आणि अल्टरनेटरची वायर काढून ठेवा.

बॅटरी वरून पट्टीने घट्ट आवळलेली हवी. हौद्याखाली हादरे बॉनेटपेक्षा जास्त असतात, आणि सैल बॅटरीच्या प्लेटांवरचा लेप झडून तळाशी साचतो. पेटीला तळाशी पाणी जायला भोकं आणि वरून चिखल-खडीपासून झाकण, पण हवाबंद नाही. चार्ज होताना बॅटरी हायड्रोजन सोडते. त्याच कारणाने साधी पाण्याची बॅटरी केबिनमध्ये सीटमागे ठेवायची नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी.

मागे गेलेल्या बॅटरीचं आणखी एक दुखणं म्हणजे ती डोळ्याआड जाते. बॉनेट उघडलं की ऑइल बघताना बॅटरीचं पाणीही बघितलं जायचं. आता हौद्याखाली वाकून कोण बघतो? उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी प्लेटांच्या वर पाणी आहे ना बघा आणि फक्त डिस्टिल वॉटर घाला. पेटीचं झाकण पान्याशिवाय उघडेल असं केलंत तरच हे होईल.

जाता जाता एक सोय करून घ्या. बॉनेटखाली जुन्या बॅटरीच्या जागी झाकण असलेला एक प्लसचा बोल्ट काढून ठेवा, फ्यूजच्या पुढच्या बाजूने. रस्त्यात बॅटरी बसली आणि जंपर लावायची वेळ आली तर हौदा भरलेला असताना गाडीखाली शिरावं लागत नाही. प्लस त्या बोल्टला आणि निगेटिव्ह इंजिनच्या ब्लॉकला. पाऊस संपल्यावर, दसऱ्याला गाडी धुता तेव्हा, इंजिनाकडच्या आणि बॅटरीकडच्या अर्थचे बोल्ट एकदा पान्याने तपासा, आणि हाताशी मीटर असेल तर निगेटिव्हची घट पुन्हा मोजून आकडा झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तो ०.३ चा ०.६ झालेला दिसला, तर गाडी अडायच्या आधीच कुठे घासायचं ते कळेल.